फेम्टोसेकंद लेझरवर पीएचडी करायची आहे?

ठाण्या-कळव्यातली एमएस्सी फिजिक्सची मुलं विचारतात, अल्ट्राफास्टमध्ये (म्हणजे फेम्टोसेकंद लेझर पल्सने पदार्थ तपासण्याच्या शास्त्रात; सेकंदाचे एकावर पंधरा शून्यं इतके भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे फेम्टोसेकंद) यायचं तर आधी काय वाचू? पुस्तकं नंतर. आधी एक प्रश्न डोक्यात घोळवत ठेवा: लेझरने सॅम्पल नुसतं तापलं, की आणखी काही घडलं? माझी पीएचडी यातच गेली.

टायटॅनियम डायसेलेनाइडसारख्या थराथरांच्या स्फटिकात साधारण २०० केल्विनच्या खाली इलेक्ट्रॉन सारखे पसरलेले राहत नाहीत. ठरावीक अंतराने दाट-विरळ होतात आणि अणूही त्याच लयीत किंचित सरकतात. ही चार्ज डेन्सिटी वेव्ह. तापवली की जाते, यात नवल नाही. फेम्टोसेकंद पल्सने ती कशी मोडते, ते मात्र बघण्यासारखं आहे.

लेझीम पथकात हलगी थांबली तरी पाय आणखी एखाद-दोन ठेके घेतातच. इथे इलेक्ट्रॉन हलगी, अणू पाय. पल्सची ऊर्जा आधी इलेक्ट्रॉनांना मिळते, अणूंच्या जाळीपर्यंत ती झिरपायला पिकोसेकंद (एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेम्टोसेकंद) लागतात. टँटलम डायसल्फाइडमध्ये अणूंचं एक आंदोलन सुमारे ४०० फेम्टोसेकंदांचं असतं. त्याच्या कितीतरी आधी लहर कोसळली, तर ते काम अणूंचं नाही. टायटॅनियम डायसेलेनाइडमध्ये २०११ साली इतकं जलद कोसळणं मोजलंही गेलं. लँथॅनम ट्रायटेल्युराइड तर आणखी वरताण: पल्सनंतर मूळ लहर दबते आणि तिला काटकोनात दुसरीच क्षणभर उमटते. नुसत्या उष्णतेने हे होत नाही.

आता टेबलावरचं. एका पल्सने, म्हणजे पंपाने, सॅम्पलला धक्का द्यायचा, दुसऱ्या पल्सने, म्हणजे प्रोबने, किंचित उशिरा बघायचं. तो उशीर डिले स्टेज, म्हणजे सरकता आरसा, देतं: आरसा १ मायक्रॉन सरकला की वाट २ मायक्रॉनने वाढते, म्हणजे ६.७ फेम्टोसेकंद. हे गणित तोंडपाठ हवं. झिरो डिले, म्हणजे दोन्ही पल्स एकाच क्षणी पोचतात ती जागा, सापडेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो, ते चालायचंच. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते झिरोच्या आधीचं सिग्नल. पंप पोचण्याआधीच प्रोबला बदल दिसत असेल, तर मागच्या पल्सने तापलेलं सॅम्पल अजून निवलेलं नाही. रिपिटेशन रेट (सेकंदाला किती पल्स) उतरवा, फ्लुअन्स (दर क्षेत्रफळामागे पल्सची ऊर्जा) कमी करून पुन्हा घ्या. नवी मुलं सुंदर कर्व्ह मिळाला की हे तपासतच नाहीत.

लेझरचा ८०० नॅनोमीटरचा किरण डोळ्याला जेमतेम लालसर दिसतो, आणि म्हणूनच घातक. गॉगल चढवा. अंगठी, घड्याळ, बांगड्या बाहेर.

प्रवेशाचं थोडक्यात: एमएस्सीसाठी जॅम, पीएचडीसाठी नेट, गेट, जेस्ट या परीक्षा. पवईला (आयआयटी बॉम्बे) ठाण्याहून कांजूरमार्गला उतरलं की झालं, कुलाब्याला (टीआयएफआर, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था) मात्र रोज जाऊन-येऊन दम निघतो. होस्टेल घ्या, कारण सॅम्पल थंड व्हायला आणि लेझर स्थिरावायला अर्धा दिवस जातो, आणि खरी मोजमापं रात्रीच होतात. ग्रुप निवडताना गाईडपेक्षा तिथल्या सीनियरला गाठा आणि विचारा, पहिल्या वर्षी बीम स्वतः अलाइन करू देतात का?