आपत्ती पथकात स्वयंसेवक आहात? या चुका टाळा

पूर ओसरायला लागला होता त्या रात्री आमच्या पथकाने एका माणसाला तीन तास शोधलं. अंधार, गुडघाभर चिखल, हातात दोन टॉर्च आणि त्यातला एक मिणमिणता. शोधणाऱ्या चौघांपैकी एकाचा गुडघा मुरगळला, तो पुढे महिनाभर लंगडत होता. ज्याला शोधत होते तो संध्याकाळीच दमून घरी गेला होता आणि ढाराढूर झोपला होता. नोंदवहीत त्याची आल्याची सही होती, गेल्याची नव्हती. फोनची बॅटरी संपलेली. एवढं तपशिलाने सांगतोय, कारण तो माणूस मीच.

तेव्हापासून या कामातल्या चुकांकडे मी वेगळ्या नजरेने बघतो. आपण समजतो, स्वयंसेवक कमी पडतो तो धाडसात. माझा अनुभव उलटा आहे. धाडस हवं त्यापेक्षा जास्तच असतं. कोण कुठे गेलं, कधी गेलं, काय बघून आलं, हे कुणी लिहून ठेवत नाही आणि तिथे गाडी अडते.

न बोलावता धावत जाणं

१९ सप्टेंबर १९८५ ला मेक्सिको सिटीत भूकंप झाला. साध्या नागरिकांनी ढिगारे उपसून सुमारे आठशे लोकांना बाहेर काढलं, पण ते करताना त्यांच्यातलेच शंभरहून जास्त लोक गेले. सामान्य माणसाला आधी शिकवून मग मैदानात उतरवायचं, ही पद्धत लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलाने त्याच वर्षी सुरू केली. आज जगभर नागरिकांची जी आपत्ती पथकं दिसतात, त्यांतल्या पुष्कळांची बैठक तीच आहे.

याचा अर्थ घरात बसून राहा असा नाही. १९९५ च्या कोबे भूकंपात ढिगाऱ्यातून सुटलेल्या बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढलं होतं. शेजारी मुळात तिथेच असतो. कुठल्या खोलीत कोण झोपतं हे त्याला ठाऊक असतं. बातमी बघून दुचाकीला टांग मारणारा बाहेरचा माणूस मात्र बऱ्याचदा रस्ता अडवतो, पाणी मागतो आणि रात्री झोपायचं कुठे विचारतो. तुम्ही आपत्तीच्या आत असाल तर कामाला लागा. बाहेर असाल तर पथकाला फोन करा आणि निरोप येईपर्यंत थांबा. हे थांबणंच सगळ्यांत जड जातं.

पथकाच्या बाजूनेही एक चूक होते. मदतीला आलेल्या अनोळखी लोकांना “आता काही नको” म्हणून परत पाठवतात. त्यापेक्षा दारात एक टेबल टाका. नाव, फोन, काय येतं, किती तास थांबणार, एवढं विचारा. गाडी चालवणारा, लिहून घेणारा, सामान उचलणारा कधी लागेल सांगता येत नाही.

घर वाऱ्यावर सोडून बाहेर पडणं

अर्धं लक्ष घराकडे असलेला स्वयंसेवक कामाचा नसतो. माणशी रोज चार लिटर या हिशेबाने निदान तीन दिवसांचं पाणी भरून ठेवा. औषधं आणि कागदपत्रं एका पिशवीत ठेवा. ताटातूट झाली तर भेटायचं कुठे, हे घरातल्या लहान मुलालासुद्धा सांगता आलं पाहिजे. फोन लागत नसेल तर सारखा लावत बसू नका. ओळीभराचा एसएमएस पाठवा, गर्दीच्या नेटवर्कमधून तो कॉलच्या आधी वाट काढतो.

पाण्याला ओळखीचं समजणं

या मुद्द्यावर जरा रेंगाळतो, कारण पोहता येणारी माणसंच इथे फसतात.

वाहतं पाणी १५ सेंटिमीटर असलं तरी उभ्या माणसाचा तोल जातो. ३० सेंटिमीटरमध्ये छोटी गाडी वाहून जाऊ शकते, ६० मध्ये बहुतेक गाड्या. आकडे वाचताना खोटे वाटतात. पाण्याखाली रस्ता उरलाय का, मॅनहोलचं झाकण जागेवर आहे का, विजेची तार पडलीय का, हे वरून कळत नाही. तलावात शिकलेलं पोहणं इथे फारसं उपयोगी पडत नाही.

क्रम पाठ करा: आधी आवाज द्या, मग काठी पुढे करा, मग दोरी फेका, मग नाव न्या. स्वतः पाण्यात उतरणं सगळ्यांत शेवटी, आणि तेही तेवढं प्रशिक्षण असेल तरच. अंगात लाइफ जॅकेट नसेल तर काठाच्या अगदी जवळही उभं राहू नका.

हमखास होणारी चूक म्हणजे उतरणाऱ्याच्या कमरेला दोरी बांधणं. सुरक्षित वाटतं ना? प्रवाहात ती दोरी ताणली की पाणी त्या माणसाला खाली दाबतं आणि गाठ सुटत नाही. काठावरचे जीव खाऊन ओढतात, तसा तो आणखी खाली जातो. दोरी बुडणाऱ्याकडे फेकायची, वाचवणाऱ्याला बांधायची नाही. फेकताना ती त्याच्या छातीवरून पलीकडे पडली पाहिजे, म्हणजे हाताला लागते. एक माणूस प्रवाहाच्या वरच्या अंगाला उभा करा. वाहत येणारं झाड किंवा पत्रा दिसला की ओरडणं, एवढंच त्याचं काम. एक खालच्या अंगाला, दुसरी दोरी घेऊन. आणि स्वतःच वाहून गेलात तर उभं राहायची धडपड करू नका. पाय दगडात अडकला की प्रवाह तुम्हाला पुढे आडवं पाडतो. पाठीवर व्हा, पाय पुढे आणि वर ठेवा, तिरपे काठाकडे सरका.

ओरडणाऱ्याकडे आधी पळणं

जो ओरडतोय, त्याचा श्वास चालू आहे. गप्प पडलेल्याची खात्री नाही. जखमींची वर्गवारी करण्याची स्टार्ट पद्धत १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीचमध्ये तयार झाली, तिच्या मुळाशी हेच आहे. चालता येतं त्यांनी या बाजूला या, असं मोठ्याने सांगा. येतील ते हिरवे, म्हणजे थोडं थांबू शकणारे. उरलेल्यांपाशी प्रत्येकी मिनिटाच्या आत श्वास, नाडी आणि सांगितलेलं समजतंय का, एवढं बघा. श्वास मिनिटाला तीसपेक्षा जास्त असेल तर लाल, म्हणजे पहिला नंबर. पहिल्याच जखमीपाशी बसून पट्टी बांधत राहिलात तर पाचव्याला कुणी बघितलेलंच नसतं.

ढिगाऱ्याखाली कुणाचा पाय काही तास दबलेला असेल तर खसकन ओढू नका. दबलेल्या स्नायूत साचलेलं पोटॅशियम वजन उचलताच रक्तात उतरतं आणि हृदय बंद पडू शकतं. माणूस बोलत असतो, हसतो, आणि सुटकेनंतर काही मिनिटांत जातो. डॉक्टर किंवा प्रशिक्षित पथक येईपर्यंत त्याच्याशी बोलत राहा आणि तो केव्हापासून दबलाय ती वेळ लिहा. रक्त थांबवायला टूर्निके, म्हणजे हातापायाला आवळायचा पट्टा, बांधलं असेल तर त्याचीही वेळ, थेट जखमीच्या कपाळावर मार्करने.

निरोपाला तारीख नसणं

“तातडीने बोट हवी, बारा माणसं छतावर.” हा निरोप आमच्याकडे सहा गटांतून आला. बोट गेली तेव्हा छत रिकामं होतं, माणसं आदल्या दिवशीच सुटली होती. निरोप खोटा नव्हता, शिळा होता. आता आम्ही वेळ, जागा आणि “मी स्वतः पाहिलं की ऐकलं” या तीन गोष्टींशिवाय काहीही पुढे पाठवत नाही. काम झालं की त्याच निरोपाखाली “झालं” लिहितो. पहिल्या निरोपापेक्षा हे “झालं” जास्त वेळ वाचवतं.

वॉकी-टॉकीवर तुमच्या वाक्याचा पहिला शब्दच कापला जात असेल तर बटण दाबल्यावर सेकंदभर थांबून बोला. कुणाचंच काही ऐकू येत नसेल तर बहुधा एखाद्याचं बटण खिशात दाबलं गेलंय आणि अख्खं चॅनेल अडलंय. प्रत्येकाला आपापला सेट तपासायला लावा. तरीही आवाज तुटत असेल तर अँटेना उभी धरा आणि भिंतीपासून दूर, उंचावर या.

गोदाम भरणं म्हणजे मदत, असं वाटणं

१९८८ च्या आर्मेनिया भूकंपानंतर तिथे सुमारे ५,००० टन औषधं आणि वैद्यकीय सामान येऊन पडलं. नक्की काय आलंय हे कळायला ५० माणसांना सहा महिने लागले. काही औषधं पोचतानाच मुदत संपलेली होती, पुष्कळांवरची नावंच वाचता येईनात. औषधं दान कशी करावीत याचे नियम जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्ये काढले, त्यामागे अशाच घटना होत्या. कपड्यांचं वेगळं काही नसतं. पावसात भिजलेला कपड्यांचा ढीग चार दिवसांत कुबट होतो आणि तो फेकायलाही स्वयंसेवकच लागतात. “मदत पाठवा” असं मोघम आवाहन कधीच करू नका. काय, किती, कोणत्या तारखेपर्यंत हे लिहा, आणि पुरे झालं की “आता थांबा” असंही तितक्याच मोठ्याने सांगा.

मृतदेहांची घाई

रोगराई पसरेल या धास्तीने लोक सरसकट दफन किंवा दहन करायला निघतात. नैसर्गिक आपत्तीत आघाताने किंवा बुडून गेलेल्यांच्या देहांमुळे साथ येत नाही. घाईमुळे होतं एवढंच, की घरच्यांना आपला माणूस कुठे गेला ते कधीच कळत नाही. फोटो, क्रमांक आणि सापडल्याची जागा नोंदा आणि देह अधिकाऱ्यांच्या ताब्यात द्या.

जे वाचले त्यांच्याशी बोलतानाही भान ठेवा. “तुम्ही तरी वाचलात ना” हे वाक्य मी स्वतः बोललोय आणि समोरच्या बाईचा चेहरा अजून आठवतो. काय घडलं ते सांगायला लावू नका. शेजारी बसा, सांगितलं तर ऐका, आणि घरच्यांचा ठावठिकाणा काढायला मदत करा.

परतल्यावरचा कंटाळा

जनरेटर लागतो तेव्हाच चालू होत नाही, कारण आधीच्या वेळचं पेट्रोल टाकीत राहून कार्ब्युरेटरमध्ये चिकट झालेलं असतं. टाकी रिकामी करून ठेवा आणि महिन्यातून एकदा चालवून बघा. चालवाल तेव्हा उघड्यावर, दारंखिडक्यांपासून निदान सहा मीटर लांब. पाऊस आला म्हणून व्हरांड्यात ओढलेला जनरेटर झोपलेल्यांचा जीव घेतो, त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. टॉर्चमधले सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरून स्प्रिंग खातात. दोरी साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्याची छाती दाबत राहणं, शिकलेले हात काही महिन्यांतच विसरायला लागतात, त्यामुळे वर्षातून एका मोठ्या रंगीत तालमीपेक्षा महिन्याला अर्धा तास बरा.

आणि निघताना नोंदवहीत गेल्याची वेळ. त्या रात्रीची माझ्या नावापुढची जागा अजून कोरी आहे. नवीन लोक आले की पथकप्रमुख पहिल्या दिवशी तेच पान उघडून दाखवतात.