इंदूर–दुबई: विमानात नेमके किती तास?

तिकिटावर सुटायची वेळ इथली, पोचायची तिथली. सरळ वजाबाकी करून आमच्या आत्यानं जाहीर केलं, "दीड तासात दुबई!" अहो, इंदूरहून मुंबईलाच सव्वा तास जातो.

1. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. जाताना वजाबाकीच्या उत्तरात दीड तास मिळवा, येताना काढून टाका.

2. ताळा हवा? हवाई अंतराचे किलोमीटर 800 ने भागा, वर अर्धा तास धरा. इंदूर–मुंबई हवाई अंतर सुमारे 510, म्हणजे सव्वा तासाच्या आसपास. रस्त्याचे किलोमीटर इथे चालत नाहीत.

मध्ये विमान बदलायचं असेल, तर पहिल्या उत्तरात तिथलं ताटकळणंही आलेलं असतं. रात्रीचं विमान असेल तर पोचायची तारीखही बघा.