उपाशीपोटी रक्त द्यायचंय? कॉफी थर्मासमध्ये घेऊन या

मी सांगलीत एका लॅबमध्ये रक्त घेते. दंडाला पट्टा बांधायच्या आधी माझा ठरलेला प्रश्न असतो, "काही खाल्लं-प्यायलं नाही ना?" त्यावर "काही नाही हो ताई, नुसती कॉफी घेतली" असं उत्तर आलं, की मी पट्टा बाजूला ठेवते.

दुधाच्या कॉफीत दुधाची साखर असते, स्निग्धांश असतो, वरून आपण साखर घालतो ती वेगळीच. उपाशीपोटी साखर 100 च्या आत असली तर नॉर्मल, 126 किंवा त्याहून जास्त आली तर मधुमेहाची शंका घेऊन पुन्हा तपासतात. मधल्या एवढ्याशा अंतरावर माणसाची औषधं ठरतात. एका कपासाठी तो आकडा हलू देणं मला पटत नाही.

काळी, बिनसाखरेची असेल तर? तीही नकोच. कॅफिनमुळे ॲड्रेनॅलिन वाढतं आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडू शकतं. कुणाची चढते, कुणाची नाही. तुमची चढेल का, हे मला बघून सांगता येत नाही.

सकाळी सातला यायचं असेल तर रात्री नऊपर्यंत जेवण उरका. साखरेसाठी निदान 8 तास उपास लागतो, कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराइड्ससाठी 9 ते 12 तास सांगतात. जास्त चांगलं म्हणून पंधरा-सोळा तास उपाशी राहू नका, त्यानंही आकडे बिघडतात. साधं पाणी मात्र भरपूर प्या, शीर चटकन सापडते. लिंबूपाणी, च्युइंगम, सिगारेट नको. आणि बायकांना मी मुद्दाम सांगते, मिश्रीही नको. ती पोटात जात नसली तरी निकोटिन रक्तात उतरतंच.

रोज उठल्या उठल्या कॉफी लागणाऱ्यांचं डोकं खरंच दुखतं. म्हणून पहिला नंबर लावा, कॉफी थर्मासमध्ये आणा आणि कापसाचा बोळा दाबून धरून झाला की तिथेच बसून प्या.

प्रत्येक तपासणीला उपास लागत नाही. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), तीन महिन्यांची सरासरी साखर यांना बहुतेकदा नाही लागत. चिठ्ठी दाखवून आदल्या दिवशीच विचारून घ्या. थायरॉइडची गोळी शक्यतो रक्त दिल्यावर घ्या, आणि गोळीनंतर अर्धा-पाऊण तास कॉफी थांबवा. नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. इन्सुलिन किंवा साखरेची गोळी चालू असेल तर उपाशीपोटी ती घ्यायची की नाही, हे डॉक्टरांकडूनच ठरवून या.

चुकून कॉफी घेतलीच असेल तर सांगून टाका. आम्ही कुणी रागावत नाही. उपास न लागणाऱ्या तपासण्या त्याच दिवशी करतो, साखरेसाठी दुसऱ्या दिवशी बोलावतो. न सांगता दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट मात्र डॉक्टर खरा मानूनच औषध लिहितात.

जेवणानंतरचीही साखर द्यायची असेल तर दोन तास पहिल्या घासापासून मोजा. रोज खाण्याबरोबर कॉफी घेत असाल तर तेव्हाच घ्या. पुढे दुसरं रक्त देईपर्यंत फक्त पाणी.