एमजीबीचा इंडिकेटर आणि फिटनेसची तारीख - माझा अनुभव

बडोद्यात काकांची 1965 ची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, दुरुस्त करून पुन्हा उभी केली, इंजिन ब्रेक रंग सगळं झालं, आरसी रिन्यू करायला गाडीच्या फिटनेस तपासणीची तारीख तोंडावर आणि ऐन वेळी मागचा इंडिकेटर रुसला, ब्रेक दाबला की मंद होऊन लुकलुकायचंच बंद. इलेक्ट्रिशियन म्हणे पूर्ण वायरिंग बदला, त्याला काय जातंय! दुखणं नव्या रंगाचं होतं. दिव्याचं अर्थिंग, म्हणजे करंटचा परतीचा रस्ता, बॉडीतूनच जातं ना, रंगामुळे तेच तुटलेलं. स्क्रूभोवती पॉलिश पेपर मारून चकचकीत पत्रा काढला, दातेरी वॉशर घातला, वर बोटभर व्हॅसलीन, लगेच टिकटिक सुरू. आणि हो, या जुन्या मॉडेलला पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीची प्लस बाजू बॉडीला जोडलेली, नवा रेडिओ बसवताना आधी ते बघा, नाहीतर उडालाच म्हणून समजा.