मालिकेतलं न सुटलेलं कोडं: आपली थिअरी कशी बांधायची आणि कशी तपासायची

आधीच सांगते, खाली 'द सोप्रानोज' या अमेरिकन माफिया मालिकेचा शेवट उघड केलाय, बघायची बाकी असेल तर आधी बघून या, ८६ एपिसोड आहेत पण एकही वाया जात नाही.

इंदिरानगरला मावसभावाकडे आम्ही चौघं दर शनिवारी रात्री बसून ही मालिका बघायचो. शेवटच्या सीनला स्क्रीन एकदम काळी झाली, आवाज पण बंद, आणि भाऊ उठून राउटर बघायला गेला. १० जून २००७ ला अमेरिकेत पण हेच झालं होतं, कित्येकांना वाटलं केबलच गेली. मालिकेचा नायक, माफिया बॉस टोनी मेला की जगला, तेव्हापासून वाद चालूच आहे. आमचा दुसऱ्या दिवशी गंगापूर रोडला मिसळ खाताना सुरू झाला, रस्सा दोनदा मागवून झाला तरी संपेना.

तर पहिलं काम म्हणजे कोडं कुठल्या जातीचं आहे ते ओळखा. काही कोडी मुद्दाम उघडी ठेवलेली असतात. काही शूटिंगच्या अडचणीतून येतात, जसं गूढ बेटावर अडकलेल्या लोकांच्या 'लॉस्ट' मालिकेतला वॉल्ट हा पोरगा: कथेत जेमतेम काही आठवडे गेले आणि तो पोरगा खऱ्या आयुष्यात भराभर वाढत होता, मग त्याला बाजूला काढावं लागलं. तिथे बेटाच्या शक्तीवर दहा पानं लिहून काय मिळणार? आणि काही गोष्टींचं उत्तर मेकर्सना द्यायचंच नसतं. सोप्रानोजमध्येच २००१ च्या 'पाइन बॅरन्स' एपिसोडमध्ये एक रशियन माणूस टोनीच्या माणसांच्या हातून सुटून बर्फात पळून जातो, त्याचं पुढे काय झालं ते कधीच कळत नाही.

आपल्या डेली सोपला अजून एक भानगड असते, टीआरपी बघून ट्रॅक वळवतात, त्यामुळे मार्चमधल्या एपिसोडमधला क्लू ऑक्टोबरपर्यंत टिकेलच असं नाही. 'रात्रीस खेळ चाले' २०१६ ला आली आणि २०१९ च्या दुसऱ्या भागात कथा मागे जाऊन जिवंत अण्णा नाईक दाखवले. आता दुसऱ्या भागातला पुरावा पहिल्या भागाला लावताना तो नंतर लिहिलाय हे लक्षात ठेवा, नाहीतर थिअरी दिसायला छान दिसते पण पाया कच्चा राहतो.

मग वही घ्या, खरंच वही घ्या, आणि फक्त दिसलं तेवढंच लिहा. अर्थ नंतर. मी शेवटचा सीन तीनदा पॉज करत बघितला. रेस्टॉरंटच्या दाराला घंटी आहे, ती वाजते, टोनी मान वर करतो, मग आपल्याला त्याला दिसलेलं माणूस दिसतं. पुन्हा घंटी, मान वर, आत येणारं माणूस. 'मेंबर्स ओन्ली' ब्रँडचं जॅकेट घातलेला माणूस काउंटरला बसतो, टोनीच्या दिशेने बघतो, बाथरूममध्ये जातो. बाहेर टोनीची मुलगी मेडो गाडी पार्क करतेय, जमत नाहीये, शेवटी धावत येते. घंटी. टोनी मान वर करतो आणि काळं. म्हणजे त्याला जे दिसायचं ते दिसलंच नाही. इथे मला अंगावर काटा आला होता.

आता पुराव्यांचं वजन करा. जे मेकर्सनी स्वतः दुसऱ्यांदा दाखवलंय ते सगळ्यात जड. बोटीवर बॉबी, म्हणजे टोनीच्या बहिणीचा नवरा, टोनीला म्हणतो की मरण येतं तेव्हा बहुतेक ऐकू पण येत नसेल, आणि शेवटून दुसऱ्या एपिसोडमध्ये तेच फ्लॅशबॅकमध्ये परत येतं. उगाच कोण परत दाखवेल! याउलट बाथरूम म्हणजे 'गॉडफादर'सारखी तिथे बंदूक लपवलेली, हे नुसतं साम्य आहे, सोबतीला ठेवा पण त्यावर थिअरी उभी करू नका.

मेकर्सच्या मुलाखती शेवटी वाचा, आधी वाचल्या की आपले डोळे तेच शोधत बसतात. मालिकेचा निर्माता डेव्हिड चेस २०२१ ला बोलला की टोनीच्या मरणाचा एक वेगळाच सीन आधी त्याच्या डोक्यात होता. माझं वजन 'मेला' कडेच आहे, पण हे मी मुलाखतीआधी वहीत लिहिलं होतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, थिअरी मोडेल असा शॉट स्वतः शोधा, किंवा जो तुमच्या विरुद्ध आहे त्याला शोधायला लावा. माझ्या भावाने शोधला. टोनी रेस्टॉरंटमध्ये शिरतो, दारात उभा राहून आत बघतो, आणि पुढच्या शॉटला आत टेबलावर टोनीच बसलेला दिसतो. म्हणजे त्याच्या नजरेने बघायचं तर तो स्वतःलाच बघतोय, मग माझा घंटी, मान, माणूस हा नियम पहिल्याच शॉटला अडकतो. मी म्हटलं तो नुसता कट आहे, तो म्हणाला मग शेवटचा पण नुसता कटच. यावर माझ्याकडे अजून उत्तर नाहीये, तो शॉट वहीत वेगळ्या पानावर लिहून ठेवलाय आणि या शनिवारी परत लावणार आहोत.