पॉट रोस्ट वातड होतोय? स्लो कुकरच्या या चुका टाळा

थंडी पडली की अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांतले स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारी विजेची भांडी, कपाटातून बाहेर येतात आणि पाठोपाठ मला फोन सुरू होतात. तक्रार ठरलेली: ‘वातड झालं गं, जास्त शिजलं वाटतं.’ खरं तर ते कमी शिजलेलं असतं. हे एवढं एक डोक्यात बसलं, तर निम्मे रोस्ट वाचतील.

पॉट रोस्ट म्हणजे मांसाचा मोठा अखंड तुकडा थोड्या रश्श्यात सावकाश शिजवणं. त्यासाठी घेतात तो चक, म्हणजे बीफचा खांद्याचा भाग. जनावर दिवसभर याच स्नायूंवर चालतं, त्यामुळे त्यात कोलॅजन, म्हणजे धागे बांधून ठेवणारा चिवट भाग, भरपूर. मांस ६० अंश सेल्सिअसच्या पुढे तापलं की धागे आकसतात आणि स्वतःतलं पाणी पिळून बाहेर टाकतात. कोलॅजन मात्र सत्तरीनंतर कुठे सावकाश विरघळायला लागतं आणि ऐंशी-नव्वदच्या घरात बराच वेळ राहिलं की त्याचं जिलेटिन होतं. पायाचा रस्सा फ्रिजमध्ये थिजतो तो याच जिलेटिनमुळे. म्हणजे मधे दोन-तीन तास असे असतात, की पाणी निघून गेलंय आणि जिलेटिन अजून तयार नाही. नेमकं त्याच वेळी माणसं झाकण उघडतात, काटा टोचतात, आणि घाबरून कुकर बंद करतात.

माझा भाचा ओहायोत शिकायला आहे. गेल्या हिवाळ्यात त्याने मित्रांना जेवायला बोलावलं होतं. तीन पाउंडांचा चक, सकाळी नऊला ‘लो’वर लावलेला. तीन वाजता त्याचा फोन आला.
“मावशी, दगड झालाय. सहा तास झाले. कापून रश्श्यात टाकू का?”
“कशालाही हात लावू नकोस. थर्मामीटर आहे का?”
“आहे. १७८ फॅरनहाइट दाखवतोय.”
“मग अजून झालेलंच नाही ते. झाकण लाव आणि साडेसहापर्यंत त्या खोलीतही जाऊ नकोस.”
“अगं, पण रेसिपीत सहा तास लिहिलेत! आणि सातला सगळे येतायत.”
“येऊ देत. भात लाव तोवर.”

मग दर अर्ध्या तासाने त्याचे मेसेज. काढू का, ‘हाय’ करू का, मित्र म्हणतोय प्रेशर कुकरमध्ये चार शिट्ट्या काढ. मी प्रत्येकाला ‘थांब’ एवढंच उत्तर दिलं. पावणेसातला त्याने फोटो पाठवला: काटा रोवून नुसता फिरवला होता, आणि मांस धाग्याधाग्यांनी सुटलं होतं. थर्मामीटरवर २०३. तोच तुकडा, तोच कुकर, मधे पावणेचार तासांचा फरक.

म्हणून रेसिपीतल्या तासांवर जाऊ नका. सुरक्षिततेपुरतं बीफचा अखंड तुकडा १४५ फॅरनहाइटला पोचून तीन मिनिटं थांबला की खाण्याजोगा होतो, पण चक त्या तापमानाला चावता चावत नाही. तो २०० ते २०५ फॅरनहाइटला, म्हणजे साधारण ९३ ते ९६ सेल्सिअसला, मऊ होतो. मी थर्मामीटरही शेवटी पाहते; आधी काटा रोवून फिरवते. अडला, तर आणखी पाऊण तास. तीन पाउंडांना ‘लो’वर आठ ते दहा तास धरून चाला आणि पाहुण्यांना सांगितलेल्या वेळेच्या दीड तास आधी तयार होईल असं लावा. लवकर झालं तर ‘वॉर्म’वर आरामात राहतं. ‘हाय’वर पाच-सहा तासांत होतं हे खरं, पण कडेचं मांस भुगा होईपर्यंत मधलं अडूनच असतं. मी ‘हाय’ वापरत नाही. ज्यांना घाई आहे त्यांनी त्या दिवशी दुसरं काहीतरी करावं.

तुकडा निवडताना होणारी चूक दुकानातच होते. ‘कमी चरबीचं बरं’ म्हणून लोक आय ऑफ राउंड, म्हणजे मागच्या पायाचा तुकडा, उचलतात. त्यात वितळायला फारसं काही नसतंच, दहा तासांनी कोरडा चोथा हाती येतो. पांढऱ्या रेषा आतपर्यंत गेलेला चक घ्या. बीफ न खाणाऱ्यांनी लॅम्बचा किंवा बोकडाचा खांदा हाडासकट घ्यावा. वेळ थोडा कमी लागतो, बाकी सगळं हेच.

आता ज्या चुकीचा मला सगळ्यात राग येतो ती. ‘सगळं टाका आणि विसरून जा’ अशा रेसिपी. कच्चं मांस, कच्चा कांदा, वर दोन लिटर पाणी, झाकण. संध्याकाळी करड्या रंगाचं उकडलेलं मांस आणि भांडी विसळल्यासारखं पाणी. मग त्यात सूपच्या पाकिटाचा मसाला ओतायचा, म्हणजे चव मिठाची.

स्लो कुकर उकळबिंदूच्या वर कधीच जात नाही. मांसाला तांबूस रंग आणि खरपूस वास येतो तो साधारण १४० सेल्सिअसच्या पुढे, आणि पृष्ठभाग ओला असेल तर तो तेवढा तापतच नाही. आपण मटणाचा मसाला तेल सुटेपर्यंत परततो, ते पाच मिनिटं वाचवायला कोणी वगळत नाही. मग इथेच का वगळायचं? मांस पेपर टॉवेलने खरोखर कोरडं करा. मीठ-मिरपूड लावा. बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवा, थोडं तेल, आणि तुकडा ठेवला की चार-पाच मिनिटं हलवू नका. स्वतःहून सुटला की उलटा. सगळ्या बाजू झाल्या की त्याच तव्यात कांदा, लसूण, चमचाभर टोमॅटो पेस्ट परता, अर्धा कप स्टॉक ओता आणि तळाला चिकटलेलं लाकडी उलथन्याने खरवडून सगळं कुकरमध्ये घ्या. रश्श्याची चव त्या खरवडीत आहे. वाइन घालायची तर इथेच घालून आटवा, बंद भांड्यात ती उडत नाही, कच्ची लागते.

आणि पाणी. वाफ बाहेर जात नाही, मांस आणि कांदा स्वतःचं पाणी सोडतात, त्यामुळे तीन पाउंडांना एक कप द्रव पुरतो. मांस बुडायला नको. शेवटी रस्सा पातळ वाटलाच तर पातेल्यात काढून गॅसवर आटवा.

बाकीच्या गोष्टी पटापट सांगते. गोठलेलं मांस थेट कुकरमध्ये घालू नका, ते धोक्याच्या तापमानात, म्हणजे ४ ते ६० सेल्सिअसच्या मधे, फार वेळ रेंगाळतं. पूर्ण एक दिवस आधी फ्रिजच्या खालच्या खणात ठेवा. भांडं अर्ध्यापेक्षा जास्त आणि दोन तृतीयांशापर्यंतच भरा. झाकण उघडून पाहिलं की वीस-तीस मिनिटं वाढली असं समजा. बटाटे-गाजरं मोठ्या फोडींची आणि तळाशी. टोमॅटो जास्त झाला तर बटाटे तासन्‌तास कडक राहतात. दूध, क्रीम, दही शेवटच्या अर्ध्या तासात. खडा मसाला नेहमीच्या निम्मा, कारण नऊ तासांत लवंग सगळ्यांवर चढते. गरम मसाला उतरवताना. फ्रिजमधलं थंडगार सिरॅमिकचं भांडं तापलेल्या कुकरमध्ये ठेवाल तर तडकेल.

कुकर जुना असेल किंवा कोणाकडून आलेला असेल, तर आधी तपासा. अर्ध्याहून थोडं जास्त पाणी भरून ‘लो’वर आठ तास ठेवा आणि झाकण काढल्या काढल्या तापमान घ्या. १८५ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त आलं तर उत्तम. १८५च्या खाली असेल तर त्यात मांस लावू नका.

उरलेला रोस्ट दोन तासांच्या आत उथळ डब्यांत भरून फ्रिजमध्ये. सकाळी वर थिजलेली चरबी चमच्याने उचलून काढा. गरम करताना मात्र गॅसवर, रश्श्यासकट, १६५ फॅरनहाइटपर्यंत. स्लो कुकरमध्ये गार मांस तापायला फार वेळ लागतो, त्यासाठी तो वापरू नका.