ट्यूब प्री आणि ट्रान्झिस्टर पॉवर अ‍ॅम्प जोडताय? आधी या चुका टाळा

ज्या वॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या ट्यूबचे, रेडिओ आमच्या वडिलांच्या पिढीनं भंगारवाल्याला किलोवर घातले, त्याच वॉल्व्हसाठी आता पोरं मुंबईतला लॅमिंग्टन रोड पालथा घालतात. घाला, माझी काही तक्रार नाही. पूर्ण ट्यूबचा सेट म्हणजे महागडे आउटपुट ट्रान्सफॉर्मर आले, वजन आलं, उन्हाळ्यात खोलीत शेगडी पेटवल्यासारखं होतं, त्यामुळे पुढे ट्यूबचा प्री (सिग्नल घेऊन व्हॉल्यूम सांभाळणारा) आणि मागे ट्रान्झिस्टरचा पॉवर अ‍ॅम्प (स्पीकर हलवणारा) ही जोडी मलाही आवडते. पण जिथे या दोघांचा सांधा येतो तिथेच सगळे गंडतात, आणि दोष मात्र ट्यूबला देतात.

सगळ्यात मोठी चूक, दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावून एकच बटण दाबणं. ही मी स्वतः केलीय म्हणून जरा सविस्तर सांगतो. तेव्हा मी ठाण्याला भाड्याच्या खोलीत राहायचो, ईसीसी८२ नंबरच्या ट्यूबचा प्री स्वतः बांधलेला, मागे जुना ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प. पावसाळा होता, संध्याकाळी लाइट गेली, मी मेणबत्ती शोधायला उठलो आणि सेटचं बटण बंद करायचं राहून गेलं. अर्ध्या तासानं लाइट आली. आधी धप्प, आणि मग वूफरचा कोन हळूहळू बाहेर यायला लागला, बेडकाचा गळा फुगतो तसा, मी बोर्डापर्यंत पोचेपर्यंत आतून खट्ट आवाज आला आणि संपलं. कॉइल घासायला लागली होती. आणि व्हॉल्यूम शून्यावर होता बरं का!

कारण साधं आहे. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प एक-दोन सेकंदात तयार होतो. ट्यूबचं हीटर, म्हणजे आतली तापणारी तार, गरम व्हायला १५-२० सेकंद जातात, पण डायोडचा सप्लाय असेल तर प्लेटवर, म्हणजे ट्यूबच्या ज्या टोकावरून सिग्नल बाहेर काढतात तिथे, २५० व्होल्ट लगेच येऊन बसतात. मग ट्यूब तापून करंट ओढायला लागली की प्लेटचा व्होल्टेज १२०-१३० पर्यंत खाली येतो, आणि ही एवढी मोठी घसरण आउटपुटच्या कंडेन्सरमधून (तो स्थिर डीसी अडवतो, बदलता व्होल्टेज पुढे सोडतो) एका संथ लाटेसारखी पॉवर अ‍ॅम्पमध्ये जाते, ज्याला जेमतेम एक व्होल्टात फुल आवाज द्यायची सवय. माझ्या प्रीमध्ये व्हॉल्यूमचा पॉट (फिरवायचा कंट्रोल) ट्यूबच्या आधी होता, त्यामुळे तो शून्यावर असून उपयोग काय?

तेव्हापासून माझा नेम ठरलाय. प्री चालू करायचा, चहा टाकायचा, चहाला उकळी आली की पॉवर अ‍ॅम्प. बंद करताना उलटं, आधी पॉवर अ‍ॅम्प, त्याचा आवाज पूर्ण मरेपर्यंत प्रीला हात लावायचा नाही. लाइट जा-ये करत असेल तर पॉवर अ‍ॅम्पच्या लाइनमध्ये शेतातल्या मोटरच्या स्टार्टरसारखा रिले टाका, म्हणजे लाइट परत आली तरी आपण हिरवं बटण दाबल्याशिवाय अ‍ॅम्प चालू होणार नाही. (मोटरला ऑटो लावतात तसलं काही इथे करू नका, प्लीज.) आणि प्रीच्या आउटपुटला, कंडेन्सरच्या बाहेरच्या बाजूला, १ मेगाओहमचा रेझिस्टर ग्राउंडला हवाच, नाहीतर चालू सेटमध्ये केबल लावताना वेगळा धप्प ऐकाल.

दुसरी माझी नावडती चूक म्हणजे इम्पिडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा ओहममध्ये मोजायचा विरोध, न बघणं. माझ्या भाच्याचा मित्र आला, म्हणे काका, ट्यूब लावल्यावर तबल्यातला डग्गा गायब झाला. बिचाऱ्यानं तोवर तीन जोड्या ट्यूब बदलल्या होत्या, नंतर महागडी केबल घेतली. मी विचारलं, अरे तुझ्या पॉवर अ‍ॅम्पचा इनपुट इम्पिडन्स किती? तर तो माझ्याकडे बघत राहिला. मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर लिहिलेलं होतं, १० के, म्हणजे १० हजार ओहम. प्रीमध्ये ईसीसी८२ च्या प्लेटवरूनच आउटपुट, म्हणजे आउटपुट इम्पिडन्स साधारण ७ के, आणि कंडेन्सर ०.१ मायक्रोफॅरड. समोर १०० के असता तर बेस १५ हर्ट्झपर्यंत नीट गेला असता, १० के समोर आल्यावर तो ९४ हर्ट्झपासूनच उतरायला लागतो. डग्गा राहणार कुठून? ट्यूब काय बदलतोस!

ईसीसी८३ ही दुसरी ट्यूब वापरून आउटपुट थेट तिच्या प्लेटवरून काढला असेल तर अजून वाईट, तिचा आउटपुट ३८ के च्या आसपास, १० के समोर आवाजच पाचव्या हिश्श्यावर येतो. आणि समोरचा इनपुट चांगला मोठा असला तरी लांब केबल टाकली, समजा ३०० पिकोफॅरडची, तर वरचं टोक १४ हजार हर्ट्झला उतरायला लागतं.

आता घाईवाले म्हणतील, कंडेन्सर मोठा टाकू, १ मायक्रोफॅरड. बेस येईल, हो. पण वर सांगितलेली ती संथ लाट पण दहापट मोठी होऊन जाईल, मग वूफर बदलायची तयारी ठेवा. मी त्या पोराच्या प्रीमध्ये कॅथोड फॉलोअर (आउटपुट इम्पिडन्स कमी करणारा ट्यूबचा टप्पा) टाकून दिला, आउटपुट ५००-६०० ओहमवर आला, कंडेन्सर वाढवावा लागलाच पण सोबत रिलेपण बसवून घेतला. नवीन अ‍ॅम्प घेताय तर ४७ के किंवा वरचा बघा. समोरचा इनपुट आपल्या आउटपुटच्या निदान दहापट असावा, एवढं बघून घेतलं तरी पुष्कळ.

बाकीच्या चुका पटापट.

हम (स्पीकरमधला सततचा घुं आवाज) येतो म्हणून थ्री-पिनची अर्थ पिन कापणारे भेटतात, त्यांच्याशी मी बोलतच नाही. आत २५०-३०० व्होल्ट डीसी आहे, पेटीला हात लागला तर? आधी सेटटॉप बॉक्सची केबल आणि लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, निम्म्या वेळा हम तिथेच मरतो. जाड ५० हर्ट्झचा घुं असेल तर ग्राउंड लूप (दोन उपकरणांच्या ग्राउंडमधून फिरणारा करंट) किंवा हीटरची वायरिंग बघा, १०० हर्ट्झचा जरा चरचरीत असेल तर सप्लायचे फिल्टर कंडेन्सर.

ईसीसी८८ ईसीसी८३ च्या सॉकेटमध्ये बसते, दोन्ही नऊ पिनच्या. बसते म्हणजे चालते असं नाही, हीटरची जोडणी वेगळी आहे.

उलटी जोडी असेल, ट्रान्झिस्टरचा प्री आणि ट्यूबचा पॉवर अ‍ॅम्प, तर इम्पिडन्सची चिंता सहसा नसते, पण स्पीकर न जोडता तो चालवू नका. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला स्पीकर नसला तरी चालतं, शॉर्ट चालत नाही. ट्यूबवाल्याचं बरोब्बर उलटं, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

जुना प्री विकत घेतला तर पॉवर अ‍ॅम्पला जोडायच्या आधी, तापल्यावर, त्याच्या आउटपुटवर मल्टीमीटर लावून डीसी मोजा. काही मिलिव्होल्ट ठीक, व्होल्टमध्ये आकडा आला तर कंडेन्सर लीक आहे. एक हात खिशात ठेवून मोजायचं.

आणि ते ऑनलाइन मिळणारे १२ व्होल्टवर चालणारे छोटे ट्यूब प्री, ज्यांच्या ट्यूबखाली केशरी एलईडी लावलेला असतो, त्याबद्दल मला विचारू नका. दिवा हवा असेल तर दिवाळीत माळ घ्या, स्वस्त पडते.